कोल्हापूरच्या विमानतळावरची मामी

वाटेवरच्या भेटीच्या कथेची दोन रूपे सर्वत्र आढळतात. एकात भेटायला गेलेल्या प्रवाशाची गाडी चुकते. दुसऱ्यात शिदोरी घेऊन धावत आलेल्याला नुसती धूळ दिसते. तिसरे रूप आमच्या घाटकोपरच्या शेजारीण सुलभाताईंचे, आणि त्याचा मी साक्षीदार आहे.

तिरुपतीला जाताना कोल्हापुरात आम्हाला पुढच्या विमानासाठी तीन तास थांबायचे होते. सुलभाताईंना लहानाचे मोठे करणारी मामी त्याच शहरात राहते. ती आता फार थकली आहे. पुन्हा भेट होईलच अशी खात्री नव्हती. तरीही ताई विमानतळ सोडेनात.

"शहरात जाऊन परत यायचं? तीन तासांत? अंधेरीहून घरी यायला जीव जातो माझा!"

मामेबहिणीलाही त्यांनी फोनवर "येऊ नकोस गं, अडकशील" असे बजावले. आमचा चहा संपायच्या आत ती स्कूटरवरून डबा घेऊन हजर झाली.

"अगं, इतक्यात?"

"इतक्यात कुठं? वाटेत दूधपण घेतलं की!"

डबा हातात घेताच ताईंना रडू आले. "मामीला बघता आलं असतं गं."

"मग रडतीस कशाला? बस हितंच, आलेच."

ती गेली आणि थोड्याच वेळात परतली. मागच्या सीटवर मामी होती, लेकीच्या कमरेला ओढणीने घट्ट बांधलेली.