दार किती वेळा उघडतं

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक आई आणि तिचा मोठा मुलगा उभे होते. माझं मनातल्या मनात नामस्मरण चाललं होतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

“गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटलीय हो. दोन आहेत, त्यातली एक.”

“दोन्ही बदला, काकू. एकाच वयाच्या आहेत, दुसरीही आज ना उद्या जाईल. दार किती वेळा उघडता? तशी स्प्रिंग देतो.”

“महिन्यातून एकदा,” मुलगा म्हणाला. “बाबा गेल्यापासून गाडी नुसती उभी आहे. मी तर म्हणतो विकून टाकू.”

“गाडी माझ्या नावावर आहे.”

“आई, बासष्टाव्या वर्षी शिकलीस, कौतुक आहे. पण लायसन्स मिळालं म्हणजे...”

“पहिल्याच फटक्यात मिळालं. तुला तीनदा परीक्षा द्यावी लागली होती.”

“ते इथे कशाला? चल, निदान जुनी स्प्रिंग तरी मी काढतो. घरी पाना आहे.”

“हात लावू नका, साहेब. ती ताणलेली असते, सुटली तर हात मोडेल. आमचा माणूस येऊन बसवेल.”

“ऐकलंस? आणि काळजी माझी करतोयस!”

“मग काकू, महिन्यातून एकदाच्या हिशोबानं देऊ?”

“दिवसातून चार वेळा.”

“चार वेळा? आई, तुला जायचंय तरी कुठे?”

“ते मी गाडी बाहेर काढल्यावर ठरवीन. भाऊ, सगळ्यात जास्त टिकणारी जोडी द्या.”