उदगीरला निघणारं भुयार

हसणार नसाल तर सांगतो, मुखेडची सोयरीक का मोडली ते.

कंधारच्या किल्ल्यावर मी गाईड हाय. तिथं एक बुजलेलं भुयार हाय. ते कुठं जातं कुणालाच माहीत न्हाई. पण 'माहीत न्हाई' म्हणलं की लोकांची तोंडं उतरतात. म्हणून मी सांगायचो, "हे थेट उदगीरच्या किल्ल्यात निघतं."

एकदा घोळक्यातल्या एका टोपीवाल्या काकांनी विचारलं, "तुम्ही सोता गेलता का आत?"

"हाव तर! वटवाघळं लई. आता तोंड बुजलं, न्हाईतर तुम्हालाबी नेलं असतं."

काका नुसतं "अस्सं" म्हणले.

पुढच्या रविवारी वडलांना घेऊन मुखेडला पोरगी बघायला गेलो. दारात पाण्याचा तांब्या घेऊन तेच काका उभे! पोरीचे वडील. पोरगा कसा हाय ते बघायला गुपचूप किल्ल्यावर येऊन गेलते.

पोहे झाले. काकांनी विचारलं, "सुपारी, तंबाखू?"

"न्हाई," मी म्हणलो. खरंच खात न्हाई.

"हे खरं, का हेबी उदगीरला निघतं?"

घरातली सगळी माझ्याकडं बघून हसली. माझे वडील कशाला हसतात ते न कळता हसले आणि माझं तोंड बघून गप झाले. चार दिवसांत मुखेडहून नकार आला.

आता भुयारापाशी आलो की सरळ सांगतो, "कुठं जातं, मला माहीत न्हाई."

काल एक बाई नवऱ्याला म्हणली, "हा नवीन दिसतो. दुसरा गाईड बघा."