पंधरावं पाकीट

अच्युत : मी नाही नेत, ताई. राहू दे ते पाकीट तुझ्याजवळच.

सुहासिनी : चौदा शनिवार नेलंस आणि आज शेवटचंच नको? उद्या कारखान्यात तुझे लोक वाट पाहतील.

अच्युत : कोणते लोक? सोळातले दोघं उरलो. मी अन् अंबादास.

सुहासिनी : अंतिम सामन्याला दोघंच उरतात. तक्ताच तसा आखलाय मी.

अच्युत : तक्त्यावरचं नाही सांगून राहिलो. तोफेचे गोळे भरायच्या शेडमधलं सांगतो.

सुहासिनी : नीट सांग. पहिल्यापासून.

अच्युत : पहिलं तर तुला माहीत आहे. अडतीसमध्ये फुटबॉलच्या जगाच्या कपला आम्ही सोळा जणांनी टोपीतून सोळा देशांच्या चिठ्ठ्या उचलल्या. ज्याला जो देश आला तो त्याचा. फोरमन साहेबाचा विलायती पेपर बोटीनं यायचा, तेव्हा कळायचं कोण हरलं. पॅरिसला फायनल होऊन महिना उलटला होता, अन् आम्ही इथं हंगेरीसाठी नारळ बोलून राहिलो होतो.

सुहासिनी : आणि इटली जिंकली होती. चार-दोन.

अच्युत : यंदा पुन्हा जगाचा कप व्हायचा होता. लढाईनं नाही झाला. तरी सगळे म्हणाले, चिठ्ठ्या तर काढू. म्हणून तुला म्हटलं, तू शाळेत गणित-विज्ञान शिकवते, तूच सामने खेळव.

सुहासिनी : मी खेळवले. तीसला उरुग्वे, चौतीसला इटली, अडतीसला इटली असं वर लिहिलं, बेचाळीसचा रकाना मोकळा ठेवला. मे महिन्यात एका दुपारी पाटावर बसून पंधराही सामने केले. प्रत्येक संघाला सहा कवड्या. जितक्या उताण्या, तितके गोल. बरोबरी झाली तर पुन्हा टाकायच्या. निकाल पाकिटात घालून खळ लावली. यात भिण्यासारखं काय आहे?

अच्युत : दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही एक पाकीट उघडतो. ज्याचा देश हरला, तो पुढच्या शनिवारी शेडमध्ये नसतो.

सुहासिनी : नसतो म्हणजे?

अच्युत : मेला कोणी नाही. तेच तर. नॉर्वेवाला दिवाकर पिवळा पडला, पार डोळ्यांपर्यंत. त्याला घरी बसवलं.

सुहासिनी : गोळ्यांतल्या दारूनं कातडी पिवळी होते. त्याला रासायनिक कारण आहे.

अच्युत : अच्छा. पोलंडवाल्या विष्णूची आसामला बदली झाली, त्याला कारण आहे. बापू कमानिया गेटजवळ सायकलवरून पडला, मांडी मोडली, कारण आहे. तिघं गेल्या महिन्यात मोर्चात पकडले गेले. सगळ्यांनाच कारण आहे, ताई. पण पाकिटाच्या नंतरच काहून? आधी काहून नाही?

सुहासिनी : लढाईचे दिवस आहेत. प्रत्येक शेडमधून माणसं जातात, नवी येतात.

अच्युत : शालिग्राम सकाळी शहपुऱ्याहून डबा घेऊन गाडीत बसला. इथं उतरला नाही. घरीही परतला नाही. त्याची बायको कारखान्याच्या गेटवर आली होती. आम्हाला विचारून राहिली होती, त्यांना कुठं पाठवलं म्हणून. जसं आम्हाला माहीतच आहे.

सुहासिनी : त्याचा देश किती गोलांनी हरला होता?

अच्युत : चार.

सुहासिनी : आणि दिवाकरचा?

अच्युत : एक. दिवाकर शुक्रवारपर्यंत टिकला. शालिग्राम सोमवारीच गेला. पाहिलं? तू पण मोजायला लागली.

सुहासिनी : मोजल्याशिवाय खोटं ठरवता येत नाही.

अच्युत : मी चौदाही मोजले. जितके जास्त गोल, तितका लवकर.

सुहासिनी : चौदा ही काही मोठी संख्या नाही, अच्युत.

अच्युत : माणसं आहेत ती.

सुहासिनी : ठीक. मग उद्याचं पाकीट उघडू नका. चुलीत घाल.

अच्युत : पॅरिसचा पेपर उशिरा आला म्हणून मॅच व्हायची राहिली होती का? आम्हाला कळलं नव्हतं, एवढंच. अडतीसलाच एकाला ऑस्ट्रिया आली होती. आम्ही तक्ता भिंतीला लावला तेव्हा तो देशच राहिला नव्हता, जर्मनीनं गिळला होता. स्वीडन न खेळताच पुढं गेली. आम्ही त्या ऑस्ट्रियावाल्याला हसलो होतो, की बाबा, तुझी टीम कागदावर आहे अन् जमिनीवर नाही. तसं आहे हे. निकाल तर तू मे महिन्यातच लावून बसली.

सुहासिनी : शेवटचा नाही लावला.

अच्युत : म्हणजे? पाकीट रिकामं आहे?

सुहासिनी : रिकामं नाही. पण तो कवड्यांचा निकाल नाही. हंगेरी आणि ब्राझील. पहिल्यांदा तीन-तीन आलं. पुन्हा टाकल्या, पुन्हा बरोबरी. अशी सात वेळा. एक बरोबरी साधारण साडेचार खेपांत येते. लागोपाठ सात म्हणजे तेहतीस हजारांत एकदा. मी कवड्या बदलून पाहिल्या, पाट फिरवून पाहिला. आठव्यांदा माझ्याच्यानं टाकवेना.

अच्युत : मग काय केलं?

सुहासिनी : मनानं लिहिलं. पंधरांतला तेवढा एक निकाल खोटा आहे. अडतीसला हंगेरी शेवटी हरली होती, मला वाईट वाटलं होतं, म्हणून हंगेरी एक, ब्राझील शून्य. तेव्हा तुमच्या चिठ्ठ्याही निघाल्या नव्हत्या. हंगेरी तुला येईल हे मला कुठून ठाऊक असणार? हे मी कुणाला सांगणार नव्हते. पण तू इतका भ्यालास म्हणून सांगते. तुझाच देश जिंकलाय. तू राहतोस.

(अच्युत पाकीट उचलतो आणि पुन्हा खाली ठेवतो.)

सुहासिनी : आता काय झालं?

अच्युत : सोमवारी अंबादास आला होता माझ्या बाकाजवळ. म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे पाकिटं तुझ्या बहिणीनं लिहिली. बहीण काही भावाला हरवणार नाही. भैया, तुझी हंगेरी मला दे, माझी ब्राझील तू घे. बोलता बोलता रडायला लागला.

सुहासिनी : आणि तू दिलीस?

अच्युत : दिली. म्हटलं, घे. माझ्या ताईनं कवड्या पडल्या तेच लिहिलं असेल, भाऊबिऊ पाहत नाही ती. तुझ्या इमानाची गोष्ट होती. नाही कशी म्हणू?

सुहासिनी : परत माग. सांग, ताई रागावली.

अच्युत : त्यानं ती चिठ्ठी पाळण्याला बांधून ठेवली.

सुहासिनी : मग मी दुसरा कागद लिहिते. बरोबरी लिहिते.

अच्युत : बरोबरी झाली तर पुन्हा खेळतात. कोण खेळवेल? तू?

सुहासिनी : नाही. मी त्या कवड्यांना आता हात लावणार नाही.

अच्युत : तर मग एकच राहतं. ब्राझील जिंकली असं लिही. तसंही एक खोटं लिहिलंच आहे.

सुहासिनी : हो. दौत इथंच आहे. पाकीटही तसंच दुसरं करता येईल. कुणाला कळणार नाही.

अच्युत : नाही कळणार. लिही. मी नको नाही म्हणत, ताई. खरं सांगतो, मला जायचं नाही.

सुहासिनी : ब्राझील... किती लिहू?

अच्युत : एकच लिही. त्याला आठवडा तर मिळेल.

सुहासिनी : पाळण्यात काय आहे त्याच्या? मुलगा की मुलगी?

अच्युत : मुलगी. उद्या संध्याकाळी बारसं आहे. तुला बोलावणं आलंय. त्याची बायको म्हणे, मास्तरीणबाईंनी कानात नाव सांगावं.

सुहासिनी : काय नाव?

अच्युत : प्रमोदिनी. काहून थांबली?

सुहासिनी : टाक कोरडा पडला.

अच्युत : बुडव की. दौत भरलेली आहे.

सुहासिनी : उजेडही गेला. राहू दे, आहे तेच पाकीट ने. सकाळी किती वाजता उठवू तुला?