ज्याची मेल त्याच्या हाती

लोकांना स्वतःचं काम स्वतः करू द्यावं म्हणतोस? ऐक मग.

सातिवलीच्या कारखान्यात मेल सर्व्हर माझ्या गळ्यात होता. पासवर्ड बदलून दे, रजेवर असल्याचं उत्तर लावून दे, मेल दुसऱ्याकडे वळवून दे, सगळ्याला मीच. शेवटी वैतागून सर्व्हरवर एक पान बनवलं, ज्याची सेटिंग्ज त्यानेच बदलायची. सगळ्यांना शिकवलं आणि गणपतीला गावी गेलो.

परत येऊन बघतो, तर अख्ख्या कंपनीची मेल माझ्याकडे! खरेदीच्या डिमेलो मॅडमना विचारलं, "हे काय केलंत?"

"अरे, मेल दुसऱ्याकडे वळवायला तूच शिकवलंस ना? मग सगळ्यांनी तुझ्याकडे वळवली. तू वाचून सांगत जा. तुला त्यातलं कळतं."

"आणि आठवडाभर कोणीच वाचली नाही?"

"कशी वाचणार? तू गावी होतास."

त्यातच एक मोठी ऑर्डर पडून राहिली आणि हातची गेली. साहेब माझ्यावरच ओरडले. माझं डोकं फिरलं. तडक जागेवर येऊन बसलो आणि साहेबांना राजीनामा मेल केला.

लगेच माझ्याच कॉम्प्युटरवर नवी मेल आली. उघडली, तर माझाच राजीनामा. साहेबांनीपण मेल माझ्याकडेच वळवली होती.