सुनंदाच्या अर्जातलं माझं काम

त्या दिवशी नाशकाच्या हापिसात, खोलीत कोन कोन व्हतं ते आधी सांगते. मी भागीबाई, माझी सून सुनंदा, टेबलापलीकडं कागद तपासनारी मॅडम, आन तिच्या शेजारी शिक्के मारनारे भाऊसाहेब. आमचे मुकादम लक्ष्मनदादा दारातच उभे व्हते, त्यांना आत घेतलं नाय. एवढीच मानसं. आता गावात कोनी काय बी सांगतं, सुनंदाला धरून नेलं म्हंतात, म्हातारीनं घात केला म्हंतात, त्यातलं कोनी तिथं नव्हतं.

मी पेठकडची, डोंगरातली. नागली, भात, आन ते सरलं की खाली पिंपळगावकडं द्राक्षाला, माझी आई तशी, सासू तशी, मी बी तशीच. शाळा म्हनाल तर शाळेची भिंत सारवलीये, आत कधी बसले नाय. लग्न झालं, सासूचे गुडघे धरले, मंग सासूच्या जागेवर मी टोळीत गेले. हे नीट ध्यानात घ्या, कारन सगळं इथंच अडलंय. टोळी म्हंजी आमचा बायामानसांचा गट, मुकादम घेऊन जातो, मळ्यावर ऱ्हायचं, बागेच्या छाटनीपासून माल निघंपर्यंत. त्या टोळीत जागा मानसाची नसती, घराची असती. सून बाळंतीन असली की ननंद जाती, ननंदंला ताप आला की सासू जाती, नाव एकच चालतं, खाडा पडला नाय पाहिजे बस. माझ्या सासूचं नाव मी लय वर्षं चालवलं. ती वारल्यावर बी मुकादम मला तिच्याच नावानं हाक मारायचे आन मी ओ द्यायचे. त्यात कोनाला काय वाटलं नाय कधी.

माझा लेक काविळीनं गेला. जागा सुनंदाच्या नावावर झाली, तीन-चार साल टोळीत तीच गेली, मी घरी. मंग तिला आमच्याकडच्या आश्रमशाळेत सैपाकाचं काम मिळालं, रोजंदारीवर, बोलावलं तर जायाचं, नको म्हनले तर घरी. ती शाळेत भाकरी थापायला गेली आन तिच्या जागेवर मी परत टोळीत. बाया हसायच्या, म्हनायच्या, सुनंदा, औंदा लय म्हातारी झालीस गं. मी म्हनायचे, काय करू बायांनो, सासू लय छळती, तिच्यापायी केस पिकले. लक्ष्मनदादा म्हनायचे, ही म्हातारी घडातले मनी विरळंना आन तोंड थांबवंना.

असं चाललं व्हतं. मंग कायमच्या सैपाकीनीची जागा निघाली, सरकारी. काय सांगू तुम्हाला, सुनंदाला झोप लागंना. वयाची अट असती त्याला, आन तिचं ते शेवटचं साल. ह्या खेपेला नाय झालं तर परत अर्जच करता येत नाय. तिची पोरगी कॉलेजला हाय नाशकात, आन रोजंदारी तर आज हाय, उद्या नाय.

पंचवटीत अर्ज भरून देनारी शोभाताई हाय, झेरॉक्सचं दुकान हाय तिचं, मी, सुनंदा आन लक्ष्मनदादा तिच्याकडं गेलो. ती विचारती, आधी कुठं कुठं काम केलं, किती लिहायचं? आता बघा, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. शोभाताई म्हनली, सैपाकाची जागा हाय, तर सैपाकाचंच लिहा, द्राक्षाचं सरकारला काय करायचंय, जेवढं जास्त लिहाल तेवढं जास्त इचारतील. लक्ष्मनदादा म्हनले, वा, इतक्या सालांचं काम काय गटारीत टाकायचं? लिहा सगळं, मी मळ्याच्या मालकाचा दाखला आनतो. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं, आत्या, काय करू? मी म्हनले, कष्ट झाकायला ती काय चोरी हाय का, लिही. दादांनी दाखला आनला, त्यात सुनंदाचं नाव, सगळी सालं, एक बी खाडा नाय. जागा तिच्या नावावर, मंग नाव तिचंच येनार. आम्हाला कोनालाच त्यात वावगं दिसलं नाय हो. शेवटाला शोभाताईनं खालची बारीक अक्षरं वाचून दाखवली, माहिती खोटी निघाली तर नाव रद्द आन गुन्हा बी. मी म्हनले, आपन कुठं खोटं लिहितोय.

मंग बोलावनं आलं. नाशकातलं मोठं हापिस, बाहेर बाकड्यावर सकाळपासून बसलो. आत गेल्यावर मॅडमनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक शाळेचा दाखला, एक मळ्याचा. बोट ठेवून म्हनली, ह्याच महिन्यांत तुम्ही पेठला शाळेत स्वयंपाक करत होता, आणि ह्याच महिन्यांत पिंपळगावला द्राक्षाच्या मळ्यात होता. दोन्हीकडं कशा होता?

सुनंदा माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं आपन खरं सांगितलं की सुटलं. मी म्हनले, मॅडम, मळ्यात मी व्हते, ती शाळेतच व्हती, आमच्यात जागा घराची असती. सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच.

मॅडम ओरडली नाय, तिनं पेन खाली ठेवला. म्हनली, "आजी, म्हणजे अर्जात लिहिलंय ते खरं नाही, असं तुम्हीच सांगताय."

मी खरं बोलले आन त्याच खऱ्यानं सून खोटी पडली. मी म्हनले, "काम खोटं नाय हो बाई. काम आमच्याच घरानं केलंय."

भाऊसाहेब म्हनले, घर नोकरीला लागत नाय आजी, मानूस लागतं. मॅडमनं त्यांना गप केलं. म्हनली, शाळेचा अनुभव खरा दिसतो, पण हे मला वर कळवावं लागेल, ठरवणारे दुसरे आहेत. भाऊसाहेबांनी मी बोलले ते लिहून घेतलं आन माझा अंगठा घेतला. शाई पुसायला फडकं बी दिलं त्यांनी. मी पुसलंच नाय, तशीच बाहेर आले.

एष्टीत, पेठ यायच्या आधी सुनंदा एवढंच म्हनली, आत्या, तुमचा काय दोष नाय. ती रडली असती, मला बोलली असती तर बरं वाटलं असतं.

अजून काय कळलं नाय. फोन वाजला की दोघी एकमेकींकडं बघतो, आधी कोन उचलनार. गावात पांढरी जीप आली की मी आत जाऊन बसते. नाव रद्द व्हईल ते एक, पन पोलीस आले तर कोनाला नेतील, तिला का मला? मला न्या म्हनावं, माझं काय ऱ्हायलंय. आन शाळेत कळलं तर हाय ती रोजंदारी बी जाईल, हे तिच्या मनात हाय, मला सांगत नाय ती. भाकरी करपायला लागल्यात तिच्या, कधी करपत नव्हत्या.

तुम्ही हे लिहून घेताय, कुठंतरी छापून येईल. वाचनाऱ्यात कोनी असं असंल की ज्याच्या टेबलावर आमच्यासारख्यांचे अर्ज येतात, तर त्याला माझं एवढंच सांगनं हाय. दोन कागद जुळले नाय तर लगेच खोटं म्हनू नका, नाव कापायच्या आधी त्या बाईला बसवा, पानी द्या, आन तुमच्यात कामाची काय रीत हाय, असं तिला एकदा विचारा.