आतच बसवलेला कॅमेरा

शहापूरचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. साडेतीनची डोळखांबची एसटी गाठायची. माझा नंबर सात, लॅपटॉप आत दुरुस्तीला. बाकड्यावर शेजारी आमच्याच गावातल्या, आठ नंबरवाल्या दोघी : बारकी आणि तिची लेक दिपिका. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप बारकीच्या मांडीवर, टॉवेलाला झेंडूची सुकलेली पाकळी चिकटलेली.

“तरी म्हनलं व्हतं, जरा महागाचा घे.”

“आये, बत्तीस हजार कमी हायत का? दुकानदार म्हनला, कॅमेरा आतच बसवलेला हाय, वेगळा घ्यायला नको.”

“कुठं हाय? मला तर दिसला नाय.”

“बारीक असतो, मलापन सापडत नाय. परवा मुलाखतीला साहेब सारखे सांगत व्हते, मॅडम, आवाज येतोय, चेहरा दिसत नाय.”

“सांगायचंस, बापावर गेलीय.”

“आये, मस्करी नको.”

“मग नोकरी गेली?”

“उद्या अकराला परत बघनार हायत. उद्या पन दिसले नाय, तर दुसऱ्या पोरीला घेतील.”

“नवा कॅमेरा केवढ्याला?”

“आतला बदलायचा तर तीन हजार. वरून अडकवायचा, बाराशे.”

“एवढ्याशा टिकलीएवढ्याला?”

“हो. जरा लॅपटॉप पुसून बघू का गो?”

“पुसू नको. पूजेचं हाय, दिवाळीपर्यंत राहू दे.”

“बरं.”

आतून दुरुस्तीवाल्याची हाक आली, “सात झाला. आठ नंबर कोन?”

“आमी.”

दसऱ्याच्या सकाळी बारकीने लॅपटॉप उघडून पडद्याच्या वरच्या पट्टीवर, बरोबर मधोमध, ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं होतं.