उत्तरेचा उतार

त्या शुक्रवारी आखातातल्या आमच्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये मी पोहे भिजवत होते, तेवढ्यात किर्गिझस्तानातून सलीमचा फोन आला. हा खेडचा, ह्यांच्या ऑफिसातला. दोघं तिएन शान पर्वत बघायला गेले होते.

"वहिनी, दरड कोसळली. साहेब तंबूतच होते."

"कुठल्या उतारावर?"

आदल्या दिवशीच ह्यांनी फोनवर सांगितलं होतं, दक्षिणेचा उतार उघडाबोडका, नुसतं गवत. उत्तरेला सावली, ओल आणि स्प्रूसचं दाट जंगल.

"उत्तरेच्या. जंगलात."

"मग झाडांनी माती धरून ठेवली असेल."

"वहिनी, झाडंच खाली आलीत."

मुलगी शेजारी उभी होती. "इज बाबा ओके?"

"हो," मी म्हणाले. "ते झाडांत आहेत."

दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. त्या 'हो'बद्दल मी मुलीची अजून माफी मागितलेली नाही.